एक ‘स’ की दोन?

कार्यालय खाली आणि घर वर असले की वकिलाची सोय होते, असा लोकांचा समज आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी अशिलाला समोर बसवून कैफियतीचा मसुदा सांगत होतो आणि अचानक डोक्यावरचे छत हादरू लागले. अशिलाने वर पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “वर गिरण घातलीसा काय, वकीलसाहेब?”

गिरण नव्हती. धाकटी मुलगी गाणे ऐकत होती. मी रागानेच जिना चढलो.

“कोणत्या भाषेत ओरडतोय हा?”

“जर्मन, बाबा. रामश्टाइन. जगभर ऐकतात यांना.”

“जगभर ऐकतात, तर मग इंग्रजीत का नाही गात?”

तिने आवाज कमी केला आणि शांतपणे म्हणाली, “हा प्रश्न तुम्ही विचारता?”

मी निरुत्तर होऊन खाली आलो. आपली भाषा कागदावर टिकावी म्हणून ज्याने उमेदीची वर्षे खर्च केली, त्याच्या तोंडून हा प्रश्न इतक्या सहज यावा, ही गोष्ट मला फार लागली. पुढचे काही महिने मी ही गाणी ऐकली, मुलीच्या जर्मनच्या वह्या चाळल्या. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो आहे.

रामश्टाइन हा सहा जणांचा बँड १९९४ साली बर्लिनमध्ये उभा राहिला आणि तेच सहा जण पुढे तीन दशके एकत्र राहिले. सर्व जण पूर्व जर्मनीत वाढलेले. ज्या राज्याचे ते नागरिक होते, ते राज्य १९९० साली नकाशावरून नाहीसे झाले. गायक टिल लिंडेमान तरुणपणी स्पर्धेतला जलतरणपटू होता. पुढे त्याने टोपल्या विणण्याचेही काम केले. गिटारवादक पॉल लांडर्स आणि कीबोर्ड वाजवणारा फ्लाके हे पूर्व जर्मनीतल्या एका पंक बँडमधून आले. बँडचे नाव पश्चिम जर्मनीतील रामश्टाइन या हवाई तळावरून आले. तेथे २८ ऑगस्ट १९८८ रोजी हवाई कसरतींत विमाने एकमेकांवर आदळली आणि ७० माणसे मृत्युमुखी पडली. बँडने त्या नावात एक ‘म’ जास्तीचा घातला. त्या एका अक्षराने गावाच्या नावातून ‘धडक देणारा दगड’ असा अर्थ डोकावू लागला.

या संगीताला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. यंत्राचा ठोका आणि जड गिटार यांचा तो संकर. शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडने ही वाट आधीच रुळवली होती. तत्कालीन युगोस्लाव्हियातील त्रबोव्हल्ये या खाणगावात १९८० साली निघालेला लायबाख हा रामश्टाइनचा आणखी एक पूर्वज. लायबाख हे ल्युब्लियाना शहराचे जर्मन नाव, म्हणजे तिथल्या माणसाच्या लेखी पारतंत्र्याची खूण. हे नाव घेऊन त्या शहरात कार्यक्रम करण्यास बँडला काही वर्षे बंदी होती. गावाच्या नावावरून काय काय होऊ शकते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रामश्टाइनची रचना ऐकायला सोपी आहे. दोन गिटारी एकच तुकडा एकाच वेळी वाजवतात. तळहात तारांवर दाबून धरल्यामुळे नाद लांबत नाही, तुटतो. ड्रम सरळ, पावलांसारखा पडतो. त्यावर फ्लाकेचा कीबोर्ड एखादी साधी, जवळजवळ बालगीतासारखी धून धरतो. आणि या सर्वांच्या मध्यभागी लिंडेमानचा खर्जातला, प्रत्येक अक्षर सुटे करणारा आवाज असतो. आजच्या प्रमाण जर्मनमधला ‘र’ घशातून येतो. लिंडेमान मात्र जुन्या रंगभूमीवरच्या नटाप्रमाणे जिभेच्या टोकाने तो घोळवतो. आपलाही ‘र’ जिभेच्या टोकाचाच, त्यामुळे मराठी कानाला तो परका वाटत नाही. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी वारंवार ‘ट’, ‘क’, ‘ख’ असे कठीण वर्ण येतात. ते नेमके ड्रमच्या ठोक्यावर पडतात. येथे भाषा हे सातवे वाद्य आहे. भाषा बदलली तर ठोकाच बदलेल.

याचा उत्तम पुरावा म्हणजे १९९७ सालचे ‘डू हास्ट’ हे गाणे. ‘हास्ट’ एका ‘स’ने लिहिले तर अर्थ ‘तुझ्याजवळ आहे’. सध्याच्या लेखननियमांप्रमाणे दोन ‘स’ने लिहिले तर ‘तू द्वेष करतोस’. उच्चार मात्र तंतोतंत एकच. शिवाय हाच शब्द जर्मनमध्ये पूर्ण भूतकाळाचे साहाय्यक क्रियापदही होतो, आणि तेव्हा मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. गायक अर्धे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून थांबतो. ऐकणारा द्वेष ऐकतो, मालकी ऐकतो आणि अखेर शेवटचे क्रियापद पडते, ते असते ‘विचारणे’. प्रश्न लग्नातल्या शपथेचा निघतो. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय मराठी माणसाला आहेच. म्हणून ही गंमत आपल्याला चटकन कळते.

बँडने या गाण्याची इंग्रजी आवृत्तीही केली. इंग्रजीत दोन्ही अर्थ एका उच्चारात मावेनात, म्हणून एकच उचलला गेला, द्वेषाचा. संशय गेला, नुसता राग उरला. जगाने उचलून धरले ते जर्मन गाणे. ते ज्या ‘झेनझुख्ट’ अल्बममध्ये होते, तो अमेरिकेतही प्लॅटिनम ठरला.

हे समजले तेव्हा मला माझाच एक जुना खटला आठवला. माझ्या साक्षीदाराने शपथेवर सांगितले होते, “जमीन त्यांना लावून दिली.” म्हणजे कसायला दिली. साक्ष दुसऱ्या भाषेत उतरताना तिचा अर्थ ‘त्यांच्या नावावर लावली’ असा झाला. नाव लावणे आणि जमीन लावून देणे यांत किती अंतर आहे, ते कोणताही शेतकरी सांगेल. आम्हाला ते अपिलात सिद्ध करावे लागले आणि निकाल लागेपर्यंत साक्षीदार हयात राहिला नाही. चूक लेखनिकाची म्हणावी, तर त्या वेळी शेजारीच उभा असलेला मी गप्प का राहिलो?

या बँडचा मी भाट नाही. १९९८ साली एका गाण्याच्या चित्रफितीत त्यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरील लेनी रीफेनश्टालच्या चित्रपटातील दृश्ये वापरली. पावलांचा ठोका, घोळलेला ‘र’ आणि त्यात ती दृश्ये. नाझीपणाचा आरोप होणारच होता. २००१ साली ‘लिंक्स २ ३ ४’ या गाण्यातून त्यांनी आपण डावे असल्याचे सांगितले. उत्तर उशिरा आले, असे माझे मत आहे. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्याला तिच्या इतिहासाचाही हिशेब द्यावा लागतो. २००९ साली त्यांचा एक अल्बम तरुणांना अपायकारक ठरवून त्याच्या खुल्या विक्रीवर सरकारी निर्बंध आले. पुढच्या वर्षी कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने ते स्थगित केले. २०२३ साली काही स्त्रियांनी लिंडेमानच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. त्याने ते नाकारले आणि बर्लिनच्या सरकारी वकिलांनी पुरेशा पुराव्याअभावी चौकशी बंद केली. या शब्दांचा अर्थ किती आणि कोठे संपतो, हे वकिलाला ठाऊक असते. मुलीने ती गाणी लावणे जवळजवळ बंद केले. मी तिला काही विचारले नाही.

पण तिने मला विचारलेला प्रश्न राहिला. भाषा सौम्य केली, सोपी केली, दुसऱ्याच्या मापाला कातरली म्हणजे ती दूर जाते, असे मी नकळत मानत आलो होतो. हे सहा जण तिची सगळी खोच घेऊन गेले आणि परक्यांनी एक ‘स’ की दोन, याचा शोध घेतला.

आता साक्षीच्या वेळी मी एक विनंती करतो: जेथे शब्दाला दोन अर्थ असतील, तेथे साक्षीदाराचा मूळ मराठी शब्द भाषांतराशेजारी जसाच्या तसा नोंदवावा. कधी ती मान्य होते, कधी होत नाही. परवा झाली. ‘लावून दिली’ हे दोन शब्द कागदावर उमटले, ते मी दोनदा वाचून खात्री करून घेतले. घरी येऊन मुलीला फोनवर सांगितले. ती शिकायला परगावी असते. छत आता हादरत नाही.