चिंच आणि चौथा घात

उष्णतेचा हिशेब करणारा संगणक वस्तूचे बारीक तुकडे पाडतो. एका तुकड्यातून शेजारच्यात उष्णता कशी जाते, ते तो स्वतः पाहतो. कडेला आला की मात्र थबकतो: इथून ती बाहेर कशी पडते, हे माणसानेच सांगायचे!

मॅट्रिकपुरते गणित येणाऱ्या मला हे भाच्याने समजावले, आमच्या घरच्या तांब्याच्या बंबावरून. वारा नेतो ती उष्णता तापमानाच्या फरकाच्या बेताने. किरणांनी जाते तिचा मामला न्यारा. स्टेफानने १८७९ साली सांगितले की ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून ८० अंशांच्या पाण्याला तिथे ३५३ केल्विन लिहायचे. उत्तरही एका दमात निघत नाही. यंत्र अंदाज बांधते, दुरुस्त करते, पुन्हा बांधते. (माझ्या कादंबऱ्यांचेही तेच.)

"मामा, बंब घासलेला धरू की काळवंडलेला?"

लखलखीत तांब्याची उत्सर्जकता ०.०५ च्या आसपास, चांगल्या काळवंडलेल्याची ०.७५. भोवती २५ अंश धरले, तर किरणांनी चौरस मीटरमागे एकीकडे वीसेक वॅट जातात, दुसरीकडे सव्वातीनशे. वारा आपला वाटा दोन्हीकडे सारखाच नेतो, म्हणा.

दर दिवाळीला आई चिंचेने बंब घाशी. बोटांच्या भेगांत चिंच झोंबे.

"कुणाला दाखवायचाय एवढा?" वडील हसत.

"पाणी टिकतं," एवढेच ती म्हणे.

आता दोघेही नाहीत. तो आकडा मी पंचांगाच्या मागल्या पानावर लिहून ठेवला आहे.