पाऊलवाटांचे दफ्तर

नवे अ‍ॅप हाती आले की त्याच्या सगळ्या कळा दाबून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तथापि या षौकातून वर्षानुवर्षे टिकून राहिलेली सॉफ्टवेअरे अगदी मोजकी, आणि ती कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील पाऊलवाटा नकाशावर उतरविण्याच्या एकाच उद्योगाभोवती गोळा झालेली आहेत. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणासही भर घालता येते आणि दुसऱ्याची चूक दुरुस्तही करता येते. मोबाईलमध्ये ओसमँड चालू ठेवून वाट चालावयाची आणि घरी आल्यावर संगणकावर जोसममध्ये ती आखावयाची, एवढीच या कारागिरीची हत्यारे.

उपग्रहांचे संकेत घेण्यास इंटरनेट लागत नाही, हे अजूनही पुष्कळांना खरे वाटत नाही. डोंगराआड रेंज गेली तरी, नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर आपण कोठे उभे आहोत हे मोबाईल सांगत राहतो. मात्र मोबाईल गरम ठेवण्यापुरतीच ज्यांची करामत, अशी अ‍ॅप नेमकी याच जागी हात टेकतात. त्याहून मोठी कसोटी नोंदीच्या रूपाची. जीपीएक्स नावाची जी फाईल चालताना तयार होते ती निव्वळ साधा मजकूर असते. मजकूर लिहिण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडावी, आणि अक्षांश, रेखांश, उंची व वेळ ओळीने वाचावी. तिची नोंद करणारे अ‍ॅप उद्या बंद पडले तरी वाट बुडत नाही. आपलीच नोंद आपल्याला परत देताना खळखळ करणारी कित्येक देखणी अ‍ॅप मी याच कारणास्तव काढून टाकली.

पाऊलवाट टिकेल अशा रूपात नोंदून ठेवण्याची ही दृष्टी महसूल खात्याच्या दफ्तराला पूर्वीपासून होती. गाव नकाशा उलगडावा तर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते, व त्या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. हा सव्वाआठाचा आकडा मला फार दिवस विक्षिप्त वाटे. पुढे ध्यानी आले की जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, तेव्हा पायवाट म्हणजे बरोबर ४ आणे. आणि त्याच साखळीचा वर्ग केला की १,०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा! एवढा आनंद मला कोणत्याही अ‍ॅपने दिलेला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

यंत्राच्या मोजणीवर मात्र डोळे मिटून विसंबण्यात अर्थ नाही. पुष्कळशा खुल्या नकाशांवरील समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात, आणि त्या मोजणीच्या जाळ्यात एका बिंदूपासून दुसरा बिंदू सुमारे ३० मीटरवर येतो. सह्याद्रीचा ताशीव कडा एवढ्या अंतरात उभाच्या उभा गडप होतो आणि नकाशावर उरतो तो कोणीही चढून जावा असा उतार. खांडसहून भीमाशंकरास जाण्याच्या दोन वाटांपैकी गणेश घाट लांबचा पण सोपा, आणि शिडी घाट जवळचा पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरून नेणारा. केवळ अंतर मोजणारे सॉफ्टवेअर परक्या माणसाला ऐन पावसाळ्यात निःशंकपणे शिड्यांकडे धाडील. शिडी कोठे आहे, निसरडे कोठे होते, ओढा कोणत्या महिन्यात उतरू देत नाही, हे उपग्रहाला कळत नाही. ते तेथल्या ठाकराला विचारावे, आणि वाटेच्या नोंदीत शब्दांनी लिहावे. नावांचेही तसेच. या भागात ठाकूरवाड्या इतक्या, की नुसते ‘ठाकूरवाडी’ म्हणून शोधणाऱ्याला सॉफ्टवेअर भलत्याच डोंगराखाली नेऊन उभे करते. यास्तव शेजारच्या गावाचे नाव जोडल्यावाचून मी वाडी नोंदवीत नाही.

हा केवळ रिकामपणाचा उद्योग नव्हे, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा सर्वांना दिसले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, अवजड यंत्रे वर नेता येईनात, आणि बचावपथकांना भर पावसात पायवाटेनेच चढावे लागले.

अलीकडे कर्जतच्या बाजूस फार्महाऊसांची कुंपणे वहिवाटीच्या वाटांवर येऊ लागली आहेत. अडविलेल्या वाटेची दाद १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे मागता येते. मी आखलेली रेषा हा काही हक्काचा दाखला नव्हे, आणि तसा तिचा डौल मिरविणेही बरे नाही. कुंपण पडले की वाट पुसून टाकावी, असे माझे काही हौशी सोबती म्हणतात. मी ती पुसत नाही. फाटकाच्या बिंदूवर फाटक नोंदवितो, ते बंद असल्यास तसे लिहितो, व पाहिल्याची तारीख घालतो. पुढे कोणास ते उघडे आढळले, तर त्याने माझी नोंद खुशाल बदलावी.