रोल उभे ठेवावेत

(तृतीय वर्ष, कला)

'तुमच्या घरचा धंदा काय?' असे कुणी विचारले की पूर्वी मी 'आर्टचा' असे सांगत असे. ऐकणाऱ्याला वाटे, हिचे वडील मोठे चित्रकार असावेत. ते अगदीच खोटे नव्हते. आण्णांनी सांगलीत वीस-बावीस वर्षे पाट्या रंगवल्या. किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत निम्म्या पेठेची नावे त्यांच्या ब्रशातून उतरलेली होती. २००८ साली त्यांनी कटिंगचे मशीन घेतले, २०१६ साली कर्ज काढून छपाईचे, आणि आमचे दुकान 'रेडियम'चे झाले. या धंद्यात रेडियम औषधालादेखील सापडायचे नाही. असते ते पाठीला गोंद असलेले व्हिनाइल. पण गाडीच्या काचेवर देवाचे नाव चिकटवणाऱ्याला आपल्याकडे रेडियमवालाच म्हणतात, त्याला इलाज नाही.

या व्हिनाइलचे रोल हे आमच्या घरातले खरे मानकरी. पन्नास मीटरचा, चार फूट रुंदीचा एक रोल साधारण अठरा किलो भरतो. मधे पुठ्ठ्याची तीन इंची नळी, तिच्यावर गुंडाळलेले व्हिनाइल आणि त्याच्या पाठीचा गुळगुळीत कागद. दिसायला दांडगा, पण प्रकृतीने फार नाजूक. त्याला ऊन चालत नाही, दमट हवा चालत नाही, धूळ तर मुळीच नाही. कडेचा गोंद धूळ धरतो आणि मग चिकटवताना काठ मातकट दिसतात. आणून वर्ष-दीड वर्ष झाले की गोंदाची पकड बिघडू लागते, म्हणून आधी आलेला आधी वापरायचा. आजी म्हणायची, "बाळंतिणीचं एवढं करत नाहीत कुणी."

दुकान दहा बाय बारा. त्यात मशीन, टेबल, संगणक आणि गिऱ्हाईक. त्यामुळे रोल राहायचे माळ्यावर, एकावर एक आडवे, सरपणासारखे रचून. मला कळू लागल्यापासून ते तिथेच पाहिले होते. खालचा रोल हवा असला की आण्णा शिडीवर चढून वरचे चार बाजूला सारायचे आणि मी खाली उभी राहून पडणारा झेलायच्या तयारीत असे.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. एका मंगल कार्यालयाचा मोठा फलक छापायचा होता. गर्द निळा, मोकळा रंग. छपाई झाली आणि त्यावर आडवा फिकट पट्टा दिसला. दीड फुटावर दुसरा, मग तिसरा. आण्णांनी मशीन साफ केले, पुन्हा छापले, पुन्हा पट्टे. दोघेही हैराण. शेवटी माझ्या लक्षात आले, की हे पट्टे सारख्या अंतरावर नाहीत. रोल संपत येतो तसे ते जवळ जवळ येतात, शेवटी फुटाच्या आत. म्हणजे दोष मशीनचा नव्हे, रोलचा. माळ्यावर तळाशी वर्षभर वजनाखाली पडून तो एका बाजूने चपटा झाला होता आणि प्रत्येक वेढ्यावर तोच दाब उमटला होता.

मला केवढा आनंद झाला! भूमितीचा असा उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता. मी लगेच रोलचा खोका उलटापालटा करून पाहिला. त्यावर वर तोंड केलेले दोन बाण होते आणि इंग्रजीत लिहिले होते, उभे ठेवावेत. मी आण्णांना वाचून दाखवले. नुसते दाखवले नाही, पुढचे आठ दिवस त्यांची पाठ सोडली नाही. "आण्णा, कंपनीवाले काय वेडे आहेत का?" हे माझे वाक्य मला अजून ऐकू येते.

आण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत. छापील मजकुरावर त्यांचा फार विश्वास, कदाचित आयुष्यभर स्वतः मजकूरच रंगवत आल्यामुळे असेल. २०१९ च्या जूनमध्ये एका रविवारी आम्ही दोघांनी सगळे एकोणीस रोल माळ्यावरून उतरवले आणि मागच्या भिंतीला ओळीने उभे केले. दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकची बुचे, खाली फळी, फळीखाली विटा, म्हणजे फरशीची ओल लागू नये. पलटण उभी राहावी तशी ती रांग दिसत होती. आण्णा म्हणाले, "पोरीनं शहाणं केलं मला."

पुढचे सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्टमध्ये कृष्णा वाढत गेली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. या खेपेला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली गेले. आमची गल्ली जरा चढावर. २००५ च्या पुरात पाणी दुकानाच्या खालच्या पायरीला टेकून परतले होते, म्हणून आण्णा निर्धास्त होते. तरी त्यांनी संगणक वर नेला, फळीखाली आणखी एकेक वीट घातली आणि आम्ही विश्रामबागला मावशीकडे गेलो. निघताना त्यांनी माळ्याकडे एकदा पाहिले होते. मी पाहिले त्यांना पाहताना. पण रात्र झाली होती, आई घाई करत होती, आणि एकोणीस रोल म्हणजे एकोणीस वेळा शिडी.

परत आलो तेव्हा पाणी ओसरले होते. भिंतीवर चिखलाची रेघ होती, फरशीपासून दीड फुटावर. मशीन स्टँडवर होते, ते वाचले. माळा खडखडीत कोरडा, त्यावर जुनी रद्दी आणि गणपतीचे मखर. आणि खाली माझी पलटण तशीच उभी. वरून पाहिले तर एकोणीसच्या एकोणीस रोल नवे कोरे. हात लावला तेव्हा कळले. प्रत्येकाचा खालचा फूटभर भाग बुडाला होता आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे पाणी पाठीच्या कागदातून वर चढले होते. कागद फुगला होता, गोंदापासून सुटला होता, काही ठिकाणी बुरशी धरली होती.

मी मनात हिशोब केला. आडवे रचलेले असते, अगदी या फरशीवर जरी, तर पाण्यात तळाचे गेले असते आणि वरचे वाचले असते. माळ्यावर असते तर एकही गेला नसता. उभे ठेवले म्हणून प्रत्येकाचे पाय पाण्यात. खोक्यावरची सूचना बरोबर होती. ती लिहिणाऱ्याला कृष्णा ठाऊक नव्हती एवढेच. मला ठाऊक होती.

आण्णा मला काही बोलले नाहीत. मला वाटते, बोलले असते तर बरे झाले असते. ते आईशी बोलत होते, तेही २००५ बद्दल. तेव्हा परसातल्या शेडमध्ये रंगाचे डबे तरंगत होते म्हणे. "फडक्यानं पुसले, झाकणं उघडली, आत रंग जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी बोर्ड रंगवायला घेतला." मग त्यांनी करवत आणली. रोलचा भिजलेला भाग कापून वरचा तरी वापरावा, असा विचार. मी नळी धरून बसले, ते कापत राहिले. काठ दातेरी निघाले, करवतीचा भुसा गोंदाला चिकटला, मशीन तो रोल घेईना. दोन दिवसांत तीन रोल कापून झाले, त्यांतून नंबरप्लेटपुरते तुकडे निघाले. चौथ्याला त्यांनी करवत लावली, पुन्हा बाजूला ठेवली आणि म्हणाले, "जाऊ दे. चहा टाक." बाकीचे पंधरा रोल आणि तो चौथा रस्त्यावरच्या ढिगात गेले. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात 'रबरी माल' अशी नोंद झाली. हप्ते पुढे दोन वर्षे चालले.

दिवाळीनंतर आण्णांनी लोहाराकडून भिंतीत लोखंडी ब्रॅकेट बसवून घेतले आणि त्यांवर जाड पाइप ठेवले. पाइप रोलच्या नळीतून आरपार जातो, रोल अधांतरी लटकतो. अंगावर कशाचा दाब नाही आणि पाय जमिनीला नाहीत. सर्वांत खालचा पाइप चिखलाच्या रेघेच्या बराच वर आहे. ती रेघ त्यांनी पुसू दिली नाही. तिच्यावरून लाल रंगाची बारीक पट्टी ओढून शेजारी '२०१९' असे लिहिले, कितीतरी वर्षांनी ब्रश हातात घेऊन.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी दुकानात पाणी शिरले नाही. पण आठवडाभर बंद दुकानात ओल कोंडली आणि बाहेरच्या वेढ्यांत व्हिनाइल कागदापासून उचलून बोगद्यासारख्या नळ्या झाल्या. प्रत्येकाचे दोन-तीन मीटर कापून टाकले, आतला माल चांगला निघाला. तेव्हापासून पावसाळ्यात प्रत्येक रोलला पुन्हा त्याची प्लॅस्टिकची पिशवी घालतो.

रोल लटकायला लागल्यापासून आण्णांनी एक नवीन प्रकार सुरू केला. प्रत्येक नळीला पुठ्ठ्याचे एक लेबल बांधलेले असते. त्यावर आल्याची तारीख, रुंदी आणि उरलेले मीटर. हे बॉलपेनने लिहून भागते, पण ते ब्रशाने लिहितात. आकड्याला सावली देतात, 'मी'च्या वेलांटीला किंचित झोक. मीटर कमी झाले की जुने लेबल फेकून नवे. गिऱ्हाइकाला ही भिंत दिसत नाही. त्यांतली दहा-बारा लेबले मी कचऱ्यातून उचलून वहीत ठेवली आहेत, हे त्यांना माहीत नाही.

गेल्या महिन्यात पाच नवे रोल आले. खोका फोडण्याआधी आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला हाक मारली. "काय लिहिलंय बघ गं यावर."

मी वाचले. तेच दोन बाण, तेच वाक्य.

"उभे ठेवा म्हणतात," मी म्हणाले.

"बरं," आण्णा म्हणाले. "वरच्या पाइपवर घ्यायचे का खालच्या?"

"वरच्या."

त्यांनी पाइपचे एक टोक धरले, मी दुसरे.