रपट्यावरचे पाणी आणि गाडीचे नाक

प्रशासनाविषयी लिहिताना मोटारीच्या मडगार्डला भोक पाडल्याची हकीकत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे जबलपूरला होतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही भेटतात. शहराची दुसरी ओळख कारखान्यांची. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, तर व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. निस्सानच्या परवान्यावर लष्करासाठी बनलेली ‘जोंगा’ इथलीच. हे नाव जपानी वाटले तरी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते घडले आहे. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढे लष्कराने लिलावात काढलेल्या अनेक जोंगा खासगी मालकांकडे आल्या. त्यांपैकी एक फिरत फिरत माझ्या दारात आली.

त्या भागात पुलाऐवजी नाल्यावर बांधलेल्या बुटक्या फरशीला ‘रपटा’ म्हणतात. उन्हाळ्यात तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पावसाळ्यात मात्र ‘रपट्यावर पाणी आहे’ एवढ्या तीन शब्दांनी दहा गावांचे व्यवहार थांबतात.

२००७ च्या पावसाळ्यात कुंडमच्या बाजूला अशाच एका रपट्यापाशी माझी सरकारी जीप थांबली. पलीकडे वस्तीत पाणी शिरल्याचा निरोप होता. ड्रायव्हरने काच खाली करून पाणी पाहिले आणि म्हणाला, “साहब, पानी तेज है.” मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “चलो, निकल जाएगी.” मध्यावर पोहोचताच इंजिनातून एक कोरडा ठोका ऐकू आला आणि जीप थांबली. गावकऱ्यांनी दोर टाकून आम्हांला बाहेर काढले. पलीकडची माणसे त्यांची तीच उंचावर गेली होती. माझ्या जाण्याने त्यांचे काही अडले नव्हते.

जीपला काय झाले, हे नंतर समजले. इंजिन हवेबरोबर पाणीही ओढते आणि पाणी दाबले जात नाही. समजा, एका सिलिंडरची क्षमता अर्धा लिटर आहे आणि डिझेल इंजिनात हवा वीसपट दाबली जाते. मग पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम सव्वीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून अधिक पाणी आत गेले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

जीपचे इंजिन उघडले, तशी चौकशीही उघडली. निष्कर्ष एका ओळीचा होता: चालकाचा निष्काळजीपणा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वसूल होऊ लागला. गाडी पाण्यात कोणाच्या सांगण्यावरून गेली, हा प्रश्न चौकशीच्या नमुन्यात नव्हता आणि मी तो आपणहून उपस्थित केला नाही. चार हप्ते कापले गेल्यावर मी टिपण लिहिले: ‘वाहन माझ्या आदेशावरून पाण्यात घालण्यात आले.’ वसुली थांबली, पैसे परत मिळाले. परंतु त्याच्या सेवापुस्तकातील ताकीद तशीच राहिली. ती खोडण्याची तरतूद कोणाला सापडली नाही, किंवा कोणी शोधली नाही. माझ्या सेवापुस्तकात काहीच लिहिले गेले नाही.

जोंगा घेतल्यावर तिला स्नॉर्केल बसवायचे मी ठरवले, त्यामागे हीच बोच होती. दोष यंत्राच्या नाकाचा आहे, ते उंच केले की प्रश्न मिटला, अशी मनाची समजूत मी घातली होती. पाणबुडीला पाण्याखाली राहून डिझेल इंजिन चालवता यावे म्हणून डच नौदलाने १९३० च्या दशकात जी नळी वापरात आणली आणि जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात जिचा मोठा वापर केला, तिचेच हे जमिनीवरील रूप.

शेजारी व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक मराठी काका राहत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “साहेब, तुम्हाला पाण्यात जायचंय की धुळीत?”

प्रश्न मार्मिक होता. स्नॉर्केल घेणाऱ्या बहुतेकांना त्याचा खरा उपयोग धुळीत होतो. छपराच्या उंचीवरील हवा चाकांजवळच्या हवेपेक्षा पुष्कळ स्वच्छ असते. मी “दोन्ही” म्हणालो.

जोंगासाठी तयार संच मिळत नव्हता. प्लास्टिक, फायबर आणि लोखंडी नळी यांतून आम्ही लोखंडी नळी निवडली. ती जड आणि गंजणारी खरी, पण जबलपुरात कोठेही वेल्डिंग होऊ शकेल अशी. नळीचा व्यास काकांनी हिशेबाने ठरवला. चार लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पूर्ण जोराने चालले, तर मिनिटाला सुमारे सहा हजार लिटर हवा मागते. नळी अरुंद किंवा वळणे अधिक असली, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून एअर क्लीनरच्या तोंडापेक्षा नळी कोठेही लहान नको आणि वळणे शक्य तितकी कमी.

पुठ्ठ्याचा साचा कापून तो मडगार्डवर तीनदा लावून पाहिला, मगच भोक पाडले. कापलेल्या कडेला रेड ऑक्साइड आणि वर रबराची कड. आतील रबरी नळी क्लॅम्पने आवळली. स्नॉर्केलचे काम येथे संपत नाही. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते; म्हणून ॲक्सलच्या ब्रीदरनाही नळ्या जोडून त्या उंच नेल्या. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर भिजला तर सगळेच व्यर्थ, म्हणून तोही झाकून घेतला.

मग परीक्षा. इंजिन चालू ठेवून काकांनी स्नॉर्केलच्या तोंडावर लाकडी फळी दाबली. इंजिन मजेत चालत राहिले. मी खूश झालो. काका मात्र गंभीर झाले. “बंद पडायला हवं होतं. म्हणजे कुठूनतरी दुसरीकडून श्वास घेतंय. पाणी तिथूनच जाईल.” एअर क्लीनरपाशी एक सांधा सैल निघाला. तो आवळल्यावर फळी लावताच इंजिन दोन क्षणांत थांबले. काका म्हणाले, “आता झालं.”

कायद्याची बाजूही सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करण्यास मनाई करते. आणि ज्याने वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते तो रचनेतील फेर म्हणजे ‘बदल’, असा खुलासाही करते. काम सुरू करण्यापूर्वी मी लेखी विचारणा केली होती. उत्तर आले, त्यात कलमाचीच भाषा उतरवून काढली होती. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिक काटेकोर केला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आज हे काम करू इच्छिणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याचे लेखी मत आधी घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

पुढच्याच पावसाळ्यात जोंगा घेऊन त्याच रस्त्याने निघालो. रपट्यावर पाणी होते. उघडे डोके भिजवीत, माती वाहून नेत ते चालले होते. काका शेजारी बसले होते. मी गियरला हात घातला, तेव्हा ते शांतपणे बोलले, “इंजिन बंद पडणार नाही. चाकं जमिनीवर राहतील का, ते सांगा.”

मी मनाशी हिशेब केला. तळ चार चौरस मीटरचा धरला आणि गाडी अर्धा मीटर बुडाली, तर ती दोन हजार किलो पाणी बाजूला सारते. आत पाणी शिरेपर्यंत तेवढ्याच भाराने ती उचलली जाते. चाकांखाली पकड उरत नाही आणि प्रवाह नेईल तिकडे ती जाते. वाहते पाणी फूट-दोन फूट असले तरी गाडी नेऊ शकते. स्नॉर्केल इंजिनाला श्वास देते, गाडीला वजन देत नाही. उलट चालकाला नसलेले धैर्य देते.

मी गाडी वळवली. तेव्हा ध्यानात आले की तीन वर्षांपूर्वी त्या जीपला स्नॉर्केल असते, तर कदाचित आम्ही मध्यावर बंद न पडता वाहून गेलो असतो. चूक हवा घेणाऱ्या नळीत नव्हती. ज्याला पाणी वाचता येत होते त्याने मत सांगितले होते, आणि ज्याला आदेश देता येत होता त्याने ते ऐकले नव्हते.

यानंतर माझ्या हाताखालच्या वाहनांच्या लॉगबुकात मी एक रकाना वाढवून घेतला: ‘मार्गावर पाणी असल्यास चालकाचे मत’. त्याखाली अधिकाऱ्याची सही. चालक ‘नाही’ म्हणाला आणि तरीही गाडी पुढे गेली, तर कोणाच्या सांगण्यावरून गेली, हे शोधायला चौकशी लागू नये. माझ्या बदलीनंतर तो रकाना राहिला की गेला, मला ठाऊक नाही. त्या ड्रायव्हरच्या सेवापुस्तकात मात्र तो कधीच नव्हता.