हप्त्याची बातमी

अर्थपानासाठी बातमी लिहिताना मी आधी एकच पाहतो: ही वाचून कोणाच्या घरचा हिशेब बदलेल? सेन्सेक्स आज किती अंकांनी चढला, हे सांगणं सोपं असतं. पण आमच्या बहुतेक वाचकांचा पैसा शेअर बाजारात नसतोच. तो मुदत ठेवीत असतो, सोन्यात असतो, नाहीतर दर महिन्याला घराच्या हप्त्यात जात असतो.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. प्रत्येक वाढीला ठळक मथळे मिळाले, अर्थतज्ज्ञांच्या प्रतिक्रिया छापल्या गेल्या. डोंबिवली-बदलापूरला वन बीएचके घेतलेल्या माणसाला त्यातून समजलं ते एवढंच, की हप्ता वाढणार. प्रत्यक्षात अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला. बँकांनी परस्पर कर्जाची मुदत लांबवली होती.

इथे बातमीदाराने कॅल्क्युलेटर हातात घ्यायलाच हवा. वीस लाखांचं कर्ज, 20 वर्षांची मुदत, 7 टक्के व्याज: हप्ता साधारण 15,500 रुपये. कर्ज नवं असतानाच दर साडेनऊवर गेला, तर महिन्याचं नुसतं व्याजच 15,800 च्या पुढे जातं. म्हणजे माणूस इमानेइतबारे हप्ता भरतोय आणि त्याचं मुद्दल मात्र फुगत चाललंय! हा हिशेब पहिल्या पानावर, चौकटीत यायला हवा. अडीच टक्क्यांच्या वाढीला 'अडीचशे बेसिस पॉइंट' म्हटलं, की तो दिसत नाही.

18 ऑगस्ट 2023 ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना सांगितलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. मुदत वाढवताना मुद्दल फुगू देऊ नका. किती हप्ते उरले आणि आतापर्यंत मुद्दल-व्याज किती वसूल झालं, याचं विवरण दर तिमाहीला द्या. माझ्या मते सामान्य घरासाठी हे परिपत्रक कुठल्याही दरवाढीपेक्षा मोठी बातमी होती.

दर उतरतात तेव्हाही हेच काम उरतं. 2025 मध्ये रेपो खाली आला. पण रेपोला जोडलेलं कर्ज आणि जुन्या एमसीएलआरवरचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं, कर्ज सारख्या वेगाने स्वस्त होत नाही. हा फरक सांगितल्याशिवाय 'कर्जदारांना दिलासा' असा मथळा देऊ नये.

वाचकहो, तुमचं ते तिमाही विवरण एकदा काढून बघा. उरलेले हप्ते मोजा. ते वाढलेले दिसले, तर बँकेला लेखी विचारा आणि आम्हालाही कळवा. आमची पुढची बातमी तिथूनच सुरू व्हायला हवी.