सायकलवाल्याने हेल्मेट घालावे काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. नातू नववीत गेला. शाळा लांब, रोजचे रिक्षाभाडे परवडत नाही, म्हणून मुलाने त्याच्यासाठी जुनी सायकल आणली. सूनबाई म्हणाली, "मामा, सायकल आणली तसं हेल्मेटही घेऊ. आठशे-नऊशेला मिळतं." नातू लगेच उसळला, "आबा, वर्गात कोणीच घालत नाही. पोरं हसतील मला." आणि वाचकहो, खरे सांगतो, माझ्याही तोंडून पहिल्यांदा हेच निघाले, "अगं, आम्ही तीस वर्षं सायकल मारली. कुठं घातलं होतं हेल्मेट?"

सूनबाई काही बोलली नाही. तिने फक्त दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या थोरल्या भावाकडे, आमच्या दादाकडे पाहिले. मी गप्प झालो.

ही गोष्ट १९९४ सालची. आम्ही दोघे भाऊ दापोडीहून पिंपरीकडे कामाला जात होतो. पहाटे साडेपाचला कॅरियरला डबा लावायचा आणि जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला लागायचे. त्या वेळी पाळी बदलली की रस्ता सायकलींनी भरून जाई. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते उगीच नव्हे. दादा लेथवर होता. हात इतका साफ की शिकाऊ पोरे त्याच्याभोवती उभी राहत.

जून महिना होता. पावसात दुसरी पाळी संपवून आम्ही परतत होतो. दादाच्या सायकलचे पुढचे चाक गटाराच्या जाळीत अडकले आणि तो बाजूला कोसळला. कोणत्याही गाडीने धडक दिली नव्हती. वेगही फार नव्हता. कानाच्या वर, कानशिलाला, फुटपाथच्या दगडाचा मार बसला. रक्तही आले नाही. दादा उठला, कपडे झाडले, टपरीवर चहा घेतला आणि सायकल चालवतच घरी आला. वहिनीला म्हणाला, "काही नाही, घसरलो जरा."

रात्री एकच्या सुमारास त्याला उलट्या झाल्या. मग तो जागाच होईना. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. कवटीच्या आत रक्त साचले होते. ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण उजव्या हातातली ताकद गेली, बोलणे अडखळू लागले. लेथवरचा माणूस पुन्हा लेथवर उभा राहिला नाही. वहिनीने शिलाई मशीन घेतले आणि दोन मुलींना त्यावर वाढवले. थोरलीची शाळा सातवीतच सुटली. एका जाळीने आणि एका दगडाने एका घराची दिशा बदलली.

यातून एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. डोक्याला मार लागलेला माणूस काही तास अगदी ठणठणीत वाटू शकतो. नंतर डोके वाढत्या वेगाने दुखू लागले, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलणे अडखळले किंवा एक हात-पाय लुळा वाटला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यावे. आम्ही "झोपू दे त्याला, दमलाय" म्हणालो. ते वाक्य मला आजही टोचते.

हेल्मेट असते तर दादा नक्की वाचला असता, असे मी छातीठोक म्हणणार नाही. पण हेल्मेट काय करते ते समजून घेतले पाहिजे. सायकलच्या हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चेपतो आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो. तेवढ्यानेच मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. युरोपात हे हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर टाकून तपासतात, म्हणजे ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाची आपट. दादाचे पडणे त्याच जातीचे होते. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळली.

हे सारे मी आमच्या जुन्या सोबत्यांना चहाच्या टपरीवर सांगितले. एकजण म्हणाला, "भाऊ, ट्रक अंगावर आला तर तुझं थर्माकोल काय करणार?" खरे आहे. भरधाव ट्रकपुढे हेल्मेटचा फारसा टिकाव लागत नाही. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेट न घालताच सायकल चालवतात, कारण तिथे सायकलसाठी वेगळे रस्ते बांधले आहेत. आपल्याकडे सायकलवाला ट्रक आणि गटार यांच्यामधल्या हातभर पट्टीतून जातो. पण रस्ता सुधारेपर्यंत डोके उघडे ठेवावे, हे काही त्यावरचे उत्तर नव्हे.

दुसरा म्हणाला, "मग सरकारने सक्तीच करावी." इथे मात्र माझे मत वेगळे आहे. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सक्ती आहे ती मोटारसायकल-स्कूटरला. सायकल त्या कायद्याने मोटार वाहन नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलवाल्यांवर सक्ती केली. वर्षभरात हेल्मेट घालणारे एकतीस टक्क्यांवरून पंचाहत्तर टक्क्यांवर गेले, पण शाळकरी वयाच्या पुष्कळ मुलांनी सायकलच सोडली. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहर ज्या किंग काउंटीत येते, तिथे १९९३ पासून असा नियम होता. दंड कोणाला झाला ते पाहिले, तेव्हा बेघर आणि कृष्णवर्णीय लोक त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त निघाले. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये तो नियम रद्द झाला. कायदा सर्वांना सारखा लिहिलेला असतो, पण शिपायाचा हात आधी कोणाच्या खांद्यावर पडतो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पहाटे दूध-पेपर टाकणाऱ्या पोराच्या खिशातून दंड काढण्यापेक्षा त्याला हेल्मेट द्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

आज हेल्मेट दिसते ते रविवारी सकाळी महागड्या सायकलींवर फिरायला निघणाऱ्यांच्या डोक्यावर. अंधारात कामावर जाणारा वॉचमन, गवंडी उघड्या डोक्याने जातो. त्यामुळे आपल्याला वाटते, ही मोठ्या लोकांची हौस आहे. उलट, ज्याच्या हातावर घर चालते, त्यालाच डोके फुटणे सर्वांत महाग पडते.

शेवटी पेन्शनमधून मीच हेल्मेट घेतले. घेताना पाहावे ते असे : डोक्यावर सरळ बसावे, भुवयांच्या वर दोन बोटे जागा राहावी, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल असावा. डोके हलवले तर हेल्मेट सरकू नये. एकदा जोरात आपटले की वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण चेपलेला थर दुसऱ्यांदा काम देत नाही.

चौथ्या दिवशी पाहिले, तर नातवाने गल्लीचे वळण ओलांडताच हेल्मेट काढून हॅन्डलला अडकवले. मी रागावलो नाही. रात्री त्याला जवळ बसवून दादाची हकीकत सांगितली. थोरल्या आजोबांना असेच जन्मापासून अडखळत बोलता येते, असे त्याला वाटत होते! आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. दादा शेजारीच होता. त्याने डाव्या हाताने हेल्मेट उचलून उलटसुलट पाहिले, जुन्या कारागिराने एखादा नग पाहावा तसे, आणि नातवाच्या मांडीवर ठेवले.

आता पोरगा घालतो. कधी विसरतो, मग परत येऊन घेऊन जातो. मी आणखी एक काम केले. शाळेच्या वाटेवर दोन ठिकाणी जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेनेच लांब बसवलेल्या आहेत. त्या आडव्या असाव्यात म्हणजे चाक अडकत नाही. वस्तीतील चाळीस जणांच्या सह्या घेऊन अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणार आहे. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट ठेवणे आपले काम, तसे रस्ता नीट करून घेणे हेही आपलेच काम. यातले एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.