एका ‘क’ची चार घरे

वही चाळीस पानांची होती. भाषा सगळी मराठी, पण तीत एकही अक्षर नागरी नव्हते. ओरत्तनाडूच्या त्या घरातील थोरल्या आजीने, म्हणजे आजीच्या थोरल्या बहिणीने, ती तमिळ लिपीत लिहिली होती. डांगर कालवण्याची रीत, बाळंतिणीचा काढा, मेतकुटाचे प्रमाण, सणावारी कोणाला काय द्यावयाचे त्याच्या याद्या, मध्येच एखादी म्हण, मध्येच धोब्याचा हिशेब. शाळा तमिळ, म्हणून लिपी तमिळ. चुलीपाशी बोलणे मराठी, म्हणून वही मराठी. लिहिणारीला यात काही विपरीत वाटले नसावे. विपरीत वाटले ते वाचणाऱ्या नातीला, आणि तेही थोरली आजी गेल्यानंतर.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव मराठ्यांना परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले, त्यानंतर पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षे तेथे मराठी राज्य नांदले आणि १८५५ मध्ये वारसाअभावी इंग्रजांनी ते संपविले. त्या राज्याबरोबर आलेले कारकून, शास्त्री, वैद्य कावेरीच्या मुलुखात राहून गेले. तमिळ लोक त्यांना रायर म्हणतात. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. त्यांच्या छापखान्यात नागरी अक्षरांची पुस्तके निघाली, ती पुण्यामुंबईत मराठी छपाई रुजण्याच्या कितीतरी आधी. त्याच रायरांच्या घरात दोनशे वर्षांनी मराठी लिहावयास नागरी अक्षर सापडू नये, याला काळाची थट्टा म्हणावे तर थट्टेत कोणी हसलेले दिसत नाही. भाषा तोंडात राहिली आणि हात दुसऱ्या लिपीचे झाले, इतकेच.

अडचण होती ती तमिळ लिपीच्या काटकसरीत. क, ख, ग, घ या चौघांना तमिळमध्ये एकच अक्षर. च, ट, त, प या वर्गांचीही साधारण हीच गत. तमिळ भाषेला तेवढ्यावर भागते, कारण कोठे कठोर उच्चार करावा आणि कोठे मृदू हे शब्दातील जागेवरूनच कळते. मराठीचे तसे नाही. कडी, खडी, गडी, घडी आणि वर कढी, हे पाचही शब्द त्या वहीत एकसारखेच उतरतात. शब्दाच्या मधोमध अक्षर दुहेरी लिहून थोडा भेद दाखविता येतो; शब्दाच्या आरंभी तीही सोय नाही. थोरली आजी स्वतः वाचीत असे तोवर हा प्रश्नच नव्हता. ती अक्षरे वाचीत नसे, आठवीत असे.

नात तंजावरला अभियांत्रिकी शिकत होती. तिला नागरी अक्षरे येत ती दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांपुरती. बारावीला सरकारकडून मिळालेला लॅपटॉप तिच्याजवळ होता. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना असे संगणक फुकट वाटले, आणि त्यांतील पुष्कळांवर विंडोजच्या जोडीला सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्स प्रणालीही असे. बहुतेक मुले तिच्या वाटेला जात नसत. ही गेली, आणि युनिक्सच्या घराण्यातील टर्मिनल नावाच्या त्या काळ्या चौकटीत तिने एक दिवस व्हीआय ही दोन अक्षरे टंकली. पडद्याच्या डाव्या काठाने नागमोडी चिन्हांची एक रांग उभी राहिली, बाकी सारे रिकामे. तिने लिहू पाहिले तर कर्सर भलतीकडे उड्या मारू लागला, अक्षरे उमटण्याऐवजी ओळी नाहीशा होऊ लागल्या. बाहेर पडावे कसे तेही कळेना. शेवटी तिने संगणकच बंद केला. या एडिटरशी पहिली भेट बहुतेकांची अशीच होते, हे तिला पुढे समजले.

या एडिटरमध्ये लिहिणे आणि आज्ञा देणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. आज्ञेच्या अवस्थेत प्रत्येक कळ हे एक क्रियापद असते: डी म्हणजे पुसणे, वाय म्हणजे उचलून घेणे, आणि पुढे डब्ल्यू जोडला की ‘शब्द’ हे कर्म. तीन डी डब्ल्यू म्हटले की तीन शब्द गेले. आय दाबल्यावर लिहिण्याची अवस्था सुरू होते, एस्केपने ती संपते. ही रीत विक्षिप्त वाटते, पण तिच्यामागे गरिबी आहे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन याने १९६९ मध्ये ईडी हा एडिटर लिहिला तेव्हा पडदा नव्हताच. सेकंदाला दहा अक्षरे खडखडत कागदावर छापणारा टेलिटाइप होता. तेथे प्रत्येक अक्षराला वेळ मोजावा लागे. म्हणून आज्ञा एकाक्षरी, आणि चूक झाली तर उत्तरादाखल एकच प्रश्नचिन्ह. काय चुकले हे ज्याचे त्याने ओळखावे. पुढे लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस याने त्याला थोडे माणसाळविले आणि आपल्या एडिटरला ‘मर्त्यांचा संपादक’ असे मिस्किल नाव दिले. तेथून तो धागा बर्कलीच्या बिल जॉयने उचलला, आणि १९७६ पासून एक्स व व्हीआय घडले. जॉयच्या टर्मिनलवर बाणांची चिन्हे एच, जे, के, एल याच कळांवर रंगविलेली होती; म्हणून आजही जगभर माणसे याच चार कळांनी पडद्यावर वरखाली हिंडतात.

उन्हाळ्याच्या सुटीत, २०१८ मध्ये, तिने आधी सारी वही जशीच्या तशी तमिळमध्ये टंकून घेतली. हात तमिळला सरावलेले, काम भराभर झाले. मग लिप्यंतर. स्वर आणि मात्रा, म, य, र, ल, व, ळ यांचा काही प्रश्न नव्हता. एकास एक अक्षर आहे, आणि युनिकोडमध्ये व्यंजन व मात्रा वेगवेगळ्या साठविलेल्या असल्याने आज्ञा देताच सारी फाइल क्षणात बदलली. तमिळ व्यंजनाला नागरी मात्रा चिकटेना, पडदाभर पोकळ ठिपक्यांची वर्तुळे दिसू लागली. आजीने ते पाहून, वहीला देवी आल्या काय, असे विचारले.

नवीन अडचण निघाली ती कळफलकाची. नागरी कळफलक चालू ठेवून आज्ञा द्यावी तर एडिटरला ती कळत नसे. त्याला डी हवा, हिच्या बोटाखालून भलतेच अक्षर निघे. तिने व्हीआयचा विस्तार केलेला व्हिम हा एडिटर बसविला. त्यात आपला कळसंच आपण लिहून ठेवता येतो, आणि तो केवळ लिहिण्याच्या अवस्थेत लागू होतो. लिहिताना नागरी, आज्ञेला रोमन. म्हणजे तोंडात एक भाषा आणि हाताला दुसरी, ही त्या घरची जुनीच रीत.

आता उरली ती चार घरांची अक्षरे. येथे कोणतीही सरसकट आज्ञा कामाची नव्हती. ‘क’चे ‘ग’ करा म्हटले की सगळेच ‘ग’. पण अदलाबदलीच्या त्या आज्ञेच्या अखेरीस सी हे एक अक्षर जोडता येते. ते जोडले की एडिटर प्रत्येक ठिकाणी थांबतो, तो शब्द उजळून दाखवितो आणि विचारतो: बदलू? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. ए म्हटले तर पुढचे सारे न विचारता बदलील. ती कळ तिने कधी दाबली नाही.

आणि वाय की एन, हे सांगणार कोण? रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर आजी खुर्ची ओढून शेजारी बसू लागली. नात ओळ वाचून दाखवी, अडलेला शब्द दोन्ही तऱ्हांनी उच्चारी, आजी मान हलवी. ‘ग’ची फेरी झाली की ‘ख’ची, मग ‘घ’ची, जे तिन्ही फेऱ्यांत नाकारले गेले ते ‘क’. आजीला पहिले काही दिवस ही पोराटकी वाटली. मग तिला त्यात गोडी लागली. कारण प्रत्येक शब्दापाशी थांबायचे म्हणजे प्रत्येक शब्दामागचे माणूस आठवावयाचे. गडी म्हटल्यावर विहिरीवरचा गडी आठवला, त्याचे पोर आठवले. घडी म्हटल्यावर लुगड्याची घडी, आणि ते लुगडे ज्या दिवशी आणले तो दिवस. एका बैठकीत कधी दहा शब्दही होत नसत. टेलिटाइपच्या घाईपोटी जन्मलेले हे यंत्र, पण ते असे ताटकळत उभे राहू शकते याचे नातीला नवल वाटे. कर्सर लुकलुकत राही. आजीचे बोलणे संपेपर्यंत त्याला काही नको असे.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला ‘त’वर्ग चालू होता. गजा वादळाच्या इशाऱ्याने महाविद्यालयांना सुटी होती. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तारेवाचून न तगणारी. वीज गेली आणि पडदा विझला. फाइल साठविलेली नव्हती. पहाटे वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले आणि पट्टुकोट्टै-ओरत्तनाडूच्या पट्ट्यातील नारळाची झाडे मुळांसकट आडवी झाली. ज्या घरांचे पोट त्या झाडांवर, त्यांच्यापुढे वहीचे दुःख ते काय. पुढे किती तरी दिवस तालुका अंधारात होता. वीज आली तेव्हा तिने भीतभीत फाइल उघडली. व्हिम कामाच्या शेजारी एक लपलेली फाइल लिहीत असतो. दोनशे अक्षरे टंकली की, किंवा हात चार सेकंद थांबला की. आजीच्या बोलण्यामुळे हात तर पुष्कळच थांबत असे. आर दाबताच सगळे परत आले, अगदी शेवटच्या ‘दही’पर्यंत.

त्या दिवसांत तिने व्हिम उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर दिसणारी एक ओळ नीट वाचली. युगांडातील गरीब मुलांना मदत करा, असे ती ओळ वर्षानुवर्षे सांगत आली होती. ब्राम मूलेनार या डच माणसाने १९९१ मध्ये व्हिम प्रथम लोकांना दिला. १९९४ मध्ये तो वर्षभर दक्षिण युगांडातील किबाले येथे एड्सने पोरक्या झालेल्या मुलांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहिला. परतल्यावर त्याने ठरविले, एडिटर फुकट घ्या, वाटा, बदला. काही द्यावेसे वाटलेच तर त्या मुलांना द्या. २०२३ मध्ये तो वारला तोवर त्याने ही एकच विनंती चालविली.

तिने आजीला हे सांगितले. आजीला एडिटर कळला नाही, पण ही गोष्ट चटकन कळली. म्हणजे छत्र, ती म्हणाली. ओरत्तनाडूत आणखी काय म्हणणार? सरफोजींनी आपल्या मुक्तांबाळच्या नावाने येथे छत्र बांधले ते १८०२ मध्ये. रथाच्या घाटाची ती वास्तू गावाच्या ओळखीची आहे. रामेश्वराला जाणाऱ्या वाटसरूंना तेथे अन्न मिळे आणि मुलांना शाळा. राज्यातील अशा छत्रांविषयी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले होते. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना अन्न मिळते, मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यास बोलावतात, पोरक्या मुलांना वाढवून शिकवितात, असे त्यात आहे. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रे तेवढी आपल्या हाती असू द्यावीत, म्हणून राजे विनवीत होते. नातीने हे शाळेत ऐकले होते, पण परदेशी माणसाने लिहिलेल्या एका मोफत एडिटरच्या दारात ते तिला आठवावे, हे मात्र आजीमुळे घडले.

‘प’वर्ग शेवटचा. वहीच्या अखेरच्या पानावर एका होळीच्या दिवसाची यादी होती. कोणाकोणाला पुरण दिले, किती दिले, आणि खाली निराळ्या शाईत दोनच शब्द. पहिला ‘धाकटी’. दुसरा ‘पोळी’ तरी असेल किंवा ‘भोळी’ तरी. कर्सर थांबला: ‘भ’ करू? नातीने दोन्ही वाचून दाखविले. पुरणाची यादी, तेव्हा लहानशी पोळी, हे उघड होते. पण दोघी बहिणींतली धाकटी आजीच होती.

आजीने चष्मा काढून पडद्याजवळ तोंड नेले, जणू थोरलीचे हस्ताक्षर तेथे दिसणार होते. मग वही मागितली. बराच वेळ ती त्या दोन शब्दांवरून अंगठा फिरवीत राहिली. त्या होळीला काय झाले होते, असे नातीने विचारले. तिने सांगितले नाही. तिकडे कर्सर लुकलुकत होता.

राहू दे तसेच, ती म्हणाली.

नातीने एन दाबला. ‘प’ची फेरी आली तेव्हाही त्या ठिकाणी एनच दाबला. मग विसर्गासारखी ती दोन टिंबे, डब्ल्यू, क्यू. चाळीस पाने नागरीत उतरली आहेत, आणि शेवटच्या पानावर एक अक्षर तमिळ आहे.